दादाला किडनी द्यायची होती आणि माझं क्रिएटिनिन आलं १.५६

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मी दादर स्टेशनच्या पुलावर होतो, भांडुपची स्लो पकडायची होती, आणि मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ आली. सीरम क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, १.५६, ठळक अक्षरात, बाजूला वर जाणारा बाण. त्याच्याखाली ईजीएफआर ५९. मी तिथेच कठड्याला टेकून उभा राहिलो, दोन गाड्या सोडल्या. या दोन आकड्यांचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती कारण गेली तीन वर्षं आमच्या घरात बाजारभाव कमी आणि क्रिएटिनिन जास्त बोललं जातं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वय ४१. आयजीए नेफ्रोपॅथी नावाच्या आजाराने त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, कळलं तेव्हा खूप उशीर झाला होता. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. मृत्यूनंतर दान झालेले अवयव वाटणाऱ्या झेडटीसीसीच्या यादीत नाव आहे पण ती यादी कशी सरकते हे तिच्यात ज्यांचं कोणी आहे त्यांनाच ठाऊक. आमचा ब्लड ग्रुप एकच, बी पॉझिटिव्ह. मी ३४ चा, दारू नाही, सिगारेट नाही, बीपी-शुगर काही नाही, चार वर्षं नियमित जिम. सगळे म्हणत होते हा तर एकदम परफेक्ट डोनर. आणि पहिल्याच ब्लड टेस्टला हे.

ईजीएफआर म्हणजे किडन्या मिनिटाला किती एमएल रक्त साफ करतायत याचा अंदाज. अंदाज हा शब्द मला तेव्हा ऐकूच आला नव्हता, मी ५९ ला खरं मोजमाप धरून चाललो होतो. ६० च्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिला की तो क्रॉनिक किडनी डिसीज धरतात, हे मात्र पाठ होतं. आणि मनात एकच, दादाला झालंय तेच मलाही झालंय, फक्त माझं अजून वर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिथे ट्रान्सप्लांटची फाईल टाकली होती तिथून फोन आला, दोन मिनिटांचाही नाही, "डोनर अनफिट येतोय, घरात ग्रुप जुळणारं आणखी कोणी आहे का बघा". मी विचारलं टेस्ट रिपीट करू का, तर म्हणे करा, पण फार फरक पडणार नाही. काय खाल्लं होतं, काय करतोस, काय घेतोस, एक प्रश्न नाही. मला आजही त्या फोनचा राग आहे, कारण त्यांच्या शब्दावर आम्ही थांबलो असतो तर थांबलोच असतो.

घरात आणखी कोण, तर आई. आई सगळ्यात आधी पुढे आली होती, वय ७०, वजन ४४ किलो, "माझी घ्या की, मला आता कशाला हव्यात दोन दोन". तिचं क्रिएटिनिन आलं होतं १.१. बाण नाही, काही नाही, आम्ही सगळे खूश. आणि दादाच्या डायलिसिसच्या डॉक्टर मॅडमनी कागद बघून सांगितलं की आईंची किडनी घेता येणार नाही, ईजीएफआर ५४ आहे. तेव्हा मी मॅडमशी थोडा वादच घातला होता, १.१ नॉर्मल आहे असं लॅबनेच छापलंय ना मग. त्या म्हणाल्या होत्या आकडा नॉर्मल आहे, किडनी नाहीये. मला ते पटलं नव्हतं, मी मनातल्या मनात म्हणालो होतो की या उगाच घाबरवतायत.

आता माझा रिपोर्ट घेऊन त्यांच्याचकडे गेलो, आई हट्टाने बरोबर. दादाला काहीच सांगितलं नव्हतं.

मॅडमनी कागद बघितला, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. वजन किती, ७८. रक्त कधी दिलं, सोमवारी सकाळी. रविवारी काय केलं. मी सांगितलं की रविवारी माझा पायांचा दिवस असतो, स्क्वॉट, डेडलिफ्ट, दीड तास. जेवायला काय होतं. मटण, रविवार होता. पाणी? आठवत नाही, फास्टिंग म्हणून रात्रीपासून प्यायलोच नव्हतो. आणि मग त्यांनी विचारलं, "पावडर कुठली घेता?"

मी म्हणालो प्रोटीन, आणि क्रिएटिन, रोज पाच ग्रॅम, आठ महिने झाले.

"फॉर्मवर लिहिलंत?"

नव्हतं लिहिलं. फॉर्मवर होतं, काही औषधं चालू आहेत का, मी नाही लिहिलं होतं, कारण माझ्या डोक्यात ते औषध नव्हतंच, जिमच्या बॅगेतला डबा होता तो. ही चूक माझी आणि ती छोटी नव्हती.

आई लगेच म्हणाली, "बघा, नाव तर एकच आहे. तेच पावडरीतून खातोय आणि तेच रक्तात चढलंय." मॅडम म्हणाल्या, आई, तुम्ही अर्धं बरोबर बोललात. आणि प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर पेनाने काढून दाखवायला लागल्या, मी तो कागद जपून ठेवलाय.

तर क्रिएटिन आणि क्रिएटिनिन, एका अक्षराचा फरक, पण कामं वेगळी. क्रिएटिन आपलं शरीर स्वतः बनवतं, पहिली पायरी मुख्यतः किडनीत, पुढची लिव्हरमधे, आणि मटण-मासे खाणाऱ्यांना थोडं ताटातूनही मिळतं. त्यातलं शंभरातलं पंचाण्णव स्नायूंमधे जाऊन बसतं, ७० किलोच्या माणसात सगळं मिळून साधारण १२० ग्रॅम. तिथे ते फॉस्फेट धरून ठेवतं, म्हणजे तुम्ही जड बार उचलता तेव्हा पहिल्या काही सेकंदात स्नायूंचं एटीपी, म्हणजे त्यांचं इंधन, संपायला लागतं, तेव्हा क्रिएटिनकडचा हा फॉस्फेट जाऊन ते परत भरतो. म्हणून आम्ही पावडर घेतो, शेवटचे दोन रेप निघतात. हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. या साठ्यातलं रोज पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, आपोआप, कुठल्या एन्झाइमशिवाय, पाण्याचा एक रेणू सोडून देतं आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. ते शरीराच्या काही उपयोगाचं नाही. रक्तात उतरतं, किडनी गाळते, लघवीतून जातं. रोज जवळपास तेवढंच बनतं म्हणूनच ते किडनी मोजायला वापरतात.

"मोरीत पाणी साचलं तर कारणं दोन असतात," मॅडम आईला म्हणाल्या, "मोरी तुंबलीय, नाहीतर नळ फुल सोडलाय. रिपोर्ट फक्त साचलेलं पाणी सांगतो."

माझा नळ चारही बाजूंनी सोडलेला होता. स्नायू जास्त म्हणून मुळातच क्रिएटिनिन जास्त, वर पावडरीने साठा भरलेला, वर आदल्या दिवशीचा भारी व्यायाम, वर मटण, शिजवलेल्या मटणात तर तयार क्रिएटिनिनच असतं. आणि रात्रभर पाणी नाही. ईजीएफआरचा फॉर्म्युला वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढंच घेतो, त्याला समोरचा माणूस कसा आहे ते दिसत नाही. तो सरासरी माणूस धरतो आणि आकडा काढतो.

मग मॅडमनी आईकडे बोट केलं. "आणि तुमचा नळच बारीक आहे. ४४ किलो वजन, स्नायू किती असणार. म्हणून मोरी बरीच तुंबलेली असूनही पाणी साचलेलं दिसत नाही." मला वर्षभरापूर्वीचा माझा वाद आठवला आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. त्या म्हणाल्या बारीक, वयस्कर बायकांच्या बाबतीत हे सर्रास सुटतं, किडनीचं अर्धं काम गेलेलं असलं तरी क्रिएटिनिन लॅबच्या रेंजमधे असू शकतं, त्यामुळे नुसता बाण नाही म्हणून खूश व्हायचं नाही. आईला तेव्हापासून साध्या पेनकिलर स्वतःहून घ्यायला बंदी आहे, गुडघे दुखले की ती झंडू बाम लावते आणि आमच्यावर चिडते.

"तुमच्या किडन्या चांगल्या आहेत असं मी म्हणत नाहीये," हे मॅडमनी मला दोनदा बजावलं. "पावडरीमुळेच वाढलंय असं धरून चाललो आणि खरंच काही असलं तर? दोन्ही बाजूंनी बघू." क्रिएटिन बंद, भरलेला साठा मूळ पातळीवर उतरायला चार ते सहा आठवडे लागतात म्हणून सहा आठवडे थांबायचं. टेस्टच्या आधी दोन दिवस जिम नाही, आदल्या दिवशी मटण-चिकन-मासे नाही, पाणी नेहमीसारखं. आणि लगेच लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन बघायची एसीआर टेस्ट आणि सोनोग्राफी, या दोन्हींना रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा लागतच नाही.

या दोन टेस्ट आधी झाल्या. एसीआर ६, तीसच्या आत चालतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या व्यवस्थित, साईज बरोबर. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

ते सहा आठवडे मात्र जड गेले. टेस्ट पुढे ढकलली म्हणजे दादाची अठरा डायलिसिस वाढली, मी मोजत होतो. त्याला वहिनीने सांगितलंच शेवटी. तो मला काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "तुझं काही निघालं असेल तर आधी तुझं बघ, माझं चाललंय". आम्ही तेव्हा डायलिसिसच्या खुर्चीपाशी होतो, त्याच्या डाव्या हातात दोन जाड सुया, डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला फिस्टुला फुगून दोरीसारखा झालेला, त्यावर हात ठेवला की आत सारखी थरथर लागते. दिवसभरात त्याला एक लिटर पाणी, सगळं धरून, चहा-आमटीसकट. मे महिना होता. वहिनी बर्फाचे छोटे खडे करून देई, तो एकेक चघळत बसायचा.

आणि इथेच मला तिसरा आकडा दिसला. दादाचं डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन सुरुवातीच्या वर्षात ११ च्या वर असायचं, आता ७.६ आलं होतं. घरी सगळ्यांना वाटत होतं की सुधारतंय, काकूंनी तर कुणाच्या तरी काढ्याचं श्रेय पण देऊन टाकलं होतं. मी मोरी आणि नळ डोक्यात घेऊन बसलो होतो, मी दादाकडे बघितलं. ७४ किलोचा माणूस ६१ वर आलेला, मांड्या पँटमधे सैल, खांद्याची हाडं वर आलेली. त्याची मोरी तर केव्हाच बंद झालीय, ती उघडणार कुठून. नळ बारीक होत चालला होता. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या हो, डायलिसिसवरच्या पेशंटचं क्रिएटिनिन असं उतरत जाणं चांगलं लक्षण धरत नाहीत, अंगातला मांसाचा भाग जातोय, जेवण आणि प्रोटीन वाढवा. डायलिसिसच्या पेशंटला उलट प्रोटीन जास्त लागतं, आणि आम्ही किडनीचा पेशंट म्हणून त्याची डाळ आणि अंडी तोडून टाकली होती. त्या आठवड्यापासून त्याच्या डब्यात रोज अंड्यातलं पांढरं जायला लागलं. हे मला वर्षभर आधी कळायला हवं होतं, याची रुखरुख अजून आहे.

सहा आठवड्यांनी परत रक्त दिलं, क्रिएटिनिन १.२४, ईजीएफआर ७८. खाली आलं, पण ७८ हे डोनरसाठी काठावरचं, ९० च्या पुढे असेल तर बिनघोर. मग सिस्टॅटिन सी ही रक्ताची टेस्ट केली. हे प्रोटीन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे दंड जाड की बारीक याचा त्याला फारसा फरक पडत नाही. थायरॉईड बिघडला असेल किंवा स्टेरॉईड चालू असतील तर तीही चकवते, माझं तसं काही नव्हतं. ०.८६ आलं, त्यावरून ईजीएफआर १०५. एकाच माणसाच्या त्याच दोन किडन्या, एका आकड्याने ५९, एकाने ७८, एकाने १०५.

तरी अंदाज नको, मोजूनच बघू असं ठरलं. २४ तासांची लघवी. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी सांगतो, सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, तिथून पुढची प्रत्येक कॅनमधे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली सुद्धा कॅनमधे. एक जरी चुकली तरी हिशोब चुकतो. रविवारी केली, घराबाहेर पडलोच नाही. सोमवारी सकाळी पाच लिटरचा तो पांढरा कॅन, झाकणावर टेप, दोन पिशव्यांमधे घालून, सात पाचच्या लोकलने परळला. मांडीवर धरून बसलो होतो, समोरच्या काकांनी विचारलं पण काय आहे एवढं जपताय, मी म्हणालो भावाचं काम आहे.

दिवसभरात १९५० मिलिग्रॅम क्रिएटिनिन बाहेर पडलं होतं, म्हणजे किलोमागे २५. त्यावरून कॅन पूर्ण भरलाय हेही कळतं, अर्धवट गोळा केलं तर हा आकडा फारच कमी येतो. हिशोब करून क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला साफ होणारं रक्त, १०९ एमएल आला. क्रिएटिनिन नुसतं गाळलं जात नाही, थोडं किडनीच्या नलिका पण आपणहून बाहेर टाकतात, म्हणून हा आकडा जरा जास्तच दाखवतो, हेही मॅडमनी सांगितलं. मग शेवटी डीटीपीए स्कॅन, शिरेत टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचं इंजेक्शन आणि कॅमेऱ्याखाली न हलता अर्धा तास. स्क्रीनवर दोन किडन्या हळूहळू उजळतात आणि मग विझत जातात, खाली दोन रेषांचा ग्राफ. माझ्या आयुष्यात मी कुठल्याच ग्राफकडे इतक्या आशेने बघितलं नसेल. जीएफआर १०४. डावी ५३, उजवी ५१.

मॅडमनी फाईलवर लिहिलं, डोनर फिट. आई बाहेर बाकावर बसली होती, तिला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "म्हणजे तुला काही नाही ना?" आणि मग रडली.

पुढचं सगळं कागदपत्रांचं. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, अर्ध्या जुळल्या, क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे दादाच्या रक्तात माझ्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या नाहीत. सख्खा भाऊ म्हणजे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचा नातेवाईक, तरी नातं सिद्ध करायला रेशन कार्ड, शाळेचे दाखले, लहानपणीचे फोटो, कमिटीसमोर व्हिडिओ चालू ठेवून मुलाखत. माझ्या बायकोला वेगळं बसवून विचारलं, तुमच्यावर दबाव आहे का. ती म्हणाली, भीती आहे, दबाव नाही. मला ते उत्तर फार आवडलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी दादाला वाचून दाखवलं की जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट १९५४ ला बोस्टनमधे झालं आणि तेही भावाने भावालाच दिली होती, रोनाल्ड हेरिकने त्याच्या जुळ्या रिचर्डला. दादा म्हणाला, मग आपली काही नवीन गोष्ट नाही, झोप आता.

माझी डावी काढली, दुर्बिणीतून. शुद्धीवर आल्यावर पोटात ओढ, खांदे दुखत होते, पहिला दिवस आठवायला नको वाटतो. चौथ्या दिवशी घरी. माझं क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी १.७ होतं आणि या वेळी मी घाबरलो नाही, एक किडनी गेल्यावर ते वाढणारच, उरलेली हळूहळू जास्त काम उचलते. तीन महिन्यांनी १.५ वर स्थिर झालं. बघा, दादरच्या पुलावर ज्या आकड्याने पाय गळाले होते त्याच्याच आसपास मी आता कायमचा असणार आहे, आणि मी ठीक आहे. बीपी आणि एसीआर दर वर्षी. क्रिएटिनची पावडर परत सुरू करू का विचारलं होतं, धडधाकट माणसाने तीन ते पाच ग्रॅम घेतल्याने किडनी खराब होते असं दिसलेलं नाही असं मॅडम स्वतःच म्हणाल्या, पण तुम्ही नका घेऊ, आता एकच किडनी आहे आणि तिचा आकडा मला स्वच्छ वाचता आला पाहिजे. नाही घेत. जिमच्या पोरांना एवढंच सांगतो की ब्लड टेस्टला जाताना फॉर्मवर लिहा, तोंडाने पण सांगा.

दादाचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांपासून त्याला लघवी जवळजवळ होतच नव्हती. ऑपरेशननंतर नर्स दर तासाला पिशवी मोजून तक्त्यावर लिहीत होती, २००, ३५०, ४००, आणि वहिनी काचेपलीकडून ते आकडे बोटांनी खुणा करून विचारत होती. क्रिएटिनिन ऑपरेशनआधी ७.४, दुसऱ्या दिवशी ४.१, मग २.२, पाचव्या दिवशी १.३. मी व्हीलचेअरवरून त्याला भेटायला गेलो तेव्हा तोंडाला मास्क लावून लांबूनच बसवलं मला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, दिवसाला तीन लिटर पाणी प्या, जास्त झालं तरी चालेल. टेबलावर स्टीलचा तांब्या होता, पूर्ण भरलेला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि न थांबता सगळा प्यायला.